‘नाही’ कोण म्हणालं

माझ्या मुलीने मला फसवलं. तिच्या सासूलाही फसवलं. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, आणि तिने मधे बसून दोघींना एकाच वेळी फसवलं.

मुलुंडच्या बाजारात तीस वर्षं मी भांडी विकते आहे. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या बायका माझ्याशी घासाघीस करून गेल्या, त्यातल्या एकीलाही मला गंडवता आलं नाही. गंडवलं ते पोटच्या पोरीने. मालात नाही, पैशात नाही, शब्दांत. हे लिहून काढते आहे, कारण बोलायला गेले की माझा आवाज चढतो, मग समोरचा माझ्या आवाजाबद्दल बोलायला लागतो आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदावर आवाज चढत नाही.

आधी दुकानाबद्दल सांगायला हवं. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही परळ सोडून मुलुंडच्या एका चाळीत आलो आणि आई मसाले कुटून विकायला लागली. लग्नानंतर मी फुटपाथवर गोणपाट पसरून कुकरच्या शिट्ट्या, रबरं आणि सांडश्या विकायला बसले. गोणपाटाचं खोकं झालं, खोक्याचं दोन शटरचं दुकान झालं. मुलगी पाचवीत असताना नवरा गेला. तेव्हापासून ती शाळेतून थेट दुकानात यायची, पालथ्या टोपावर वही ठेवून अभ्यास करायची, आणि अभ्यास करता करता पहारा द्यायची.

पहारा चोरांवर नाही, गिऱ्हाइकांवर. भाव करताना एक वेळ अशी येते की गिऱ्हाईक म्हणतं, ‘राहू दे मग.’ तेव्हा आपण कढई परत फळीवर ठेवायची आणि म्हणायचं, ‘राहू दे तर राहू दे. पुढे बघा.’ अगदी तुसडेपणाने म्हणायचं, जसं काही ती बाई परत आली तरी आपण विकणार नाही. बाई निघते. तीन दुकानं पुढे जाते. तिला ती कढई हवी असेल तर ती एकदा वळून बघते. वळली की हाक मारायची, ‘ओ ताई, या तरी.’ मग ती येते, ती थोडी वर चढते, मी थोडी खाली उतरते आणि कढई जाते. मी गल्ल्यावरून रस्ता बघू शकत नव्हते. पायरीवरून मुलगी बघायची आणि वहीतून मान वर न करता सांगायची, ‘आई, वळली.’ दहा वर्षांची पोर, पण तिचा अंदाज चुकायचा नाही. कोण वळणार आणि कोण खरंच गेली, हे तिला बाईच्या चालण्यावरून कळायचं.

हे मुद्दाम सांगितलं. पुढे लागणार आहे.

पोरगी हुशार निघाली. इंजिनियर झाली, पवईला नोकरी केली, पुढच्या शिक्षणाला परदेशी गेली आणि तिथे तिला एक मुलगा भेटला, मेक्सिकोचा. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आली तेव्हा तिने मला हे सांगितलं, तेही भर दुपारी दुकानात, समोर दोन गिऱ्हाइकं डबे उघडून झाकणं तपासत असताना. मी बोलायचं ते बोलले. ती गेली. लग्न तिकडेच केलं. मला फोटो आले. आठेक महिन्यांनी तिच्या वाढदिवसाला मीच फोन केला आणि विचारलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘अजून नाही, इथे सकाळ आहे.’ तेव्हापासून आठवड्याला फोन सुरू झाले. त्या दुपारचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, मिटलं.

या वर्षी तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत. तिसरा महिना. मी दुकानात फोनवर बोलत होते, हातात पुसायला घेतलेला, ठोके मारून घडवलेला हंडा होता. तो मी खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या फळ्यांवरची भांडी काढून पुन्हा लावली.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हा नियम मी केलेला नाही. माझी आई मला जन्म द्यायला कणकवलीजवळच्या तिच्या गावी गेली होती. मी माझ्या मुलीच्या वेळी आईच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन राहिले. खोलीत आणखी पाच माणसं होती, तरी आईने पडदा बांधून माझी खाट लावली होती. आता माझ्याकडे दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे. मी तयारीला लागले. भांडुपची मालिशवाली सांगून ठेवली. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. डिंक, खारीक, अळीव आणले. चांदीची वाटी आणि चमचा आणला, वाटीवर नाव घालायची जागा मोकळी ठेवली.

मुलगी म्हणाली, ‘आई, सासूला विचारावं लागेल गं. इथे तसं नसतं.’

‘मग विचार.’

‘विचारते. पण ती जरा हळवी आहे.’

‘तू नको विचारू. मला तिच्यासमोर बसव. मी विचारते.’

ते दोघं नवरा-बायको आता मेक्सिकोतच, सासूच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जातात. त्यांची शनिवार संध्याकाळ म्हणजे माझी रविवार सकाळ. म्हणून रविवारी आठ वाजता, अंघोळ करून, बरी साडी नेसून मी फोन डब्याला टेकवून बसले. समोर सोफ्यावर विहीणबाई. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा जाड, केस तसेच मागे बांधलेले. तिला स्पॅनिश सोडून काही येत नाही. मला मराठी, दुकानापुरतं हिंदी-गुजराती आणि चिमूटभर इंग्रजी. मधे मुलगी. मागे जावई कप घेऊन फिरतोय.

मी सुरुवात केली. ‘विहीणबाई, तुमची सून ती तुमचीच. मला ती कायमची नकोय. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात, ती आईची हौस असते. सातव्या महिन्यात पाठवा, बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालं की मी स्वतः आणून सोडीन. तुम्हीसुद्धा या. माझ्याकडे जागा आहे.’

मुलीने हे स्पॅनिशमध्ये सांगितलं. मी एवढं बोलले आणि तिचं चार शब्दांत आटोपलं. विहिणीचा चेहरा पडला. तिने छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि हळू आवाजात दोन-तीन शब्द बोलली. त्यावर मुलीने मला मराठीत भलंमोठं भाषण ऐकवलं. सासू म्हणते की इतक्या लांब पाठवायला जीव होत नाही, त्यांच्याकडे मुलगी सासरीच राहते, शेजारपाजारचे काय म्हणतील, तिला आधीच रक्तदाब आहे.

‘एवढं सगळं बोलली ती?’ मी विचारलं.

‘स्पॅनिशमध्ये थोडक्यात होतं गं.’

माझ्या डोक्यात किडा शिरला. मी ओततेय घागरभर आणि पलीकडे पडतंय वाटीभर. तिकडून येतंय वाटीभर आणि माझ्यापर्यंत पोचतेय घागर. माल कुठेतरी गळत होता. तेव्हा मला वाटलं, पोरगी दलाल म्हणून कच्ची आहे, दोन्हीकडे भिडेखातर बोलते. ती लबाड आहे असं मनातही आलं नाही. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. दरवेळी विहीण कसनुसं हसून माझ्याकडे बघायची. मला तो चेहरा नाटकी वाटायचा. मी फोन बंद झाल्यावर रागाने म्हणायचे, कसली गोड बोलून नाही म्हणतेय बघा.

दलाल कच्चा असेल तर एकच उपाय असतो. दलाल बाजूला करायचा आणि समोरच्याशी आपण बोलायचं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. मालवणकडचे. उभा जन्म मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते, मेक्सिकोपासून खाली सगळी बंदरं त्यांनी पालथी घातलेली. बायको वारल्यापासून एकटेच असतात. एक दिवस मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

‘काका, तुम्हाला स्पॅनिश येतं ना?’

‘येता. बंदरातला. शिये तर एकदम चोख येतत.’

‘शिव्या नकोत. विहिणीशी बोलायचंय.’

‘मगे तर शिये होयेच,’ काका म्हणाले.

त्यांना फुकट शिकवायचं होतं. फुकट मी काही घेत नाही, फुकटात माणूस मनापासून शिकवत नाही. मी म्हटलं, एक इडलीपात्र देते, तुम्ही दोन महिने शिकवा. ते म्हणाले, इडली मी खाणय नाय. मग मोदकपात्र ठरलं. मी स्टीलचं म्हटलं, त्यांनी तांब्याचं मागितलं. शेवटी तांब्याचंच गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या भावाला आले, कारण सातवा महिना माझ्यासाठी थांबणार नव्हता. डॉक्टर सातव्यानंतर विमानात बसू देत नाहीत, हे मुलीनेच मला सांगितलं होतं.

रोज दुकान उघडायच्या आधी तासभर मी काकांसमोर बसायचे. मी कागदावर देवनागरीत लिहून घ्यायचे. मी कासा म्हणजे माझं घर. मी इहा म्हणजे माझी मुलगी. तिएंदा म्हणजे दुकान. क्वारेंता दीआस म्हणजे चाळीस दिवस. एक दिवस त्यांनी कोन्सुएग्रा हा शब्द सांगितला. कोन्सुएग्रा म्हणजे विहीण. मी खूश झाले. इंग्रजीत विहिणीला शब्द नाही. ज्या भाषेत विहिणीला शब्द आहे, त्या भाषेतल्या बाईला माहेर कळणार नाही असं कसं होईल?

पण एक अडचण होती. काकांना सगळं चालू काळातलं येत होतं. मी देतो, तू घेतोस, किती पाहिजे, कधी येतोस. गेल्या वेळचं काही विचारलं की ते डोकं खाजवायचे.

‘काका, मला तिला विचारायचंय की तुम्ही असं का म्हणालात. "म्हणालात"ला काय म्हणतात?’

‘बाय, बोटीर झालां-गेलां इसराचां असतां. मागचां बोलूची गरजच लागणा नाय.’

‘तुमच्या बोटीवर भांडणं होत नव्हती?’

‘होयत की. रोज होयत.’

‘मग? मागचं काढल्याशिवाय कोणी भांडू शकतं का?’

काका हसले. मी खरंच विचारत होते. भाजी घ्यायला चालू काळ पुरतो. भांडायला भूतकाळच लागतो. तू असं म्हणालीस, मी असं म्हटलं नव्हतं, हे बोलता येत नसेल तर माणूस नुसता ओरडत बसेल.

थोडा विचार केल्यावर काकांना एक शब्द सापडला. दिहो. म्हणाला, म्हणाली, तुम्ही म्हणालात, सगळ्याला दिहो चालतो. बोटीवर कोणतीही कुरबूर झाली की खलाशी म्हणायचे, कप्तान दिहो. कप्तान म्हणाला. ‘तेच्या फुडे कोणाचां काय चलणा नाय,’ काका म्हणाले. आणि मी म्हणाले असेल तर दिहे. यो दिहे, मी म्हणाले. यो नो दिहे, मी म्हणाले नाही.

हे दोन शब्द मी दोन दिवस तोंडात घोळवत फिरले. दुकानात, बाजारात, जिन्यात. एका गिऱ्हाइकाने म्हटलं, ‘मावशी, मागच्या वेळी तुम्ही याचं झाकण देते म्हणाला होतात.’ मी म्हटलं, ‘नो दिहे.’ ती बाई बघतच राहिली.

घरच्या ग्रुपवर विहिणीचा नंबर होता. ती रोज गुलाबाचं फूल आणि मरियमचा फोटो पाठवायची, मी गणपती पाठवायचे. एका सोमवारी सकाळी, मुलीला काही न सांगता, मी तिला थेट व्हिडिओ कॉल लावला. सहावा महिना संपत आला होता. मला बसवत नव्हतं, म्हणून मी फोन हातात धरून स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारत होते.

ती फोनवर आली, मला एकटीला बघून दचकली. मी कागद समोर धरला आणि वाचायला लागले. कोन्सुएग्रा. मी इहा. मी कासा. पहिलं बाळ. क्वारेंता दीआस. मी अजून चाळीस दिवसांवर होते, पुढे पाच वाक्यं शिल्लक होती, तोवर ती मान डोलवत म्हणाली, ‘सी, सी, क्लारो, क्लारो.’ हो, हो, अर्थातच.

मी थांबले. माझ्या तीस वर्षांत पहिल्या भावाला कोणी हो म्हटलेलं नाही. पहिल्या भावाला हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भीती वाटते. मी परत तेच वाचलं. तिने परत हो म्हटलं आणि क्वारेंता दीआसवर बोट वर करून स्वतःकडे दाखवलं. त्यांच्यातही बाळंतिणीला चाळीस दिवस ठेवतात, हे मला तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. तिने डोक्याला फडकं बांधून दाखवलं, गार वारा लागू नये म्हणून. वाडगा दाखवून कोंबडीचं सूप पाजून दाखवलं. मी अळिवाचा डबा दाखवला. पाच मिनिटं आम्ही दोघी एकमेकींना बाळंतीण सांभाळून दाखवत होतो.

मग ती मधेच थांबली आणि विचारलं, ‘ई ला तिएंदा?’

आणि दुकान?

‘दुकानाचं काय?’ मी मराठीतच विचारलं.

ती हळूहळू बोलली, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं. ‘उस्तेद दिहो नो. तिएंदा.’ तुम्ही नाही म्हणालात. दुकान.

मी फेऱ्या मारायची थांबले.

‘यो?’

‘सी. उस्तेद.’

‘यो नो दिहे,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘नो दिहे. किएन दिहो?’ कोण म्हणालं?

तिने फोन जवळ घेतला. तिचा चेहरा पडद्यावर एवढा मोठा झाला. ‘सू इहा,’ ती म्हणाली. तुमची मुलगी. ‘सू इहा दिहो. मामा दिहो नो.’ मुलगी म्हणाली, आई नाही म्हणाली.

तेव्हा मला त्या रविवारांचा अर्थ लागला. मी बोलावते आहे, आणि मधे बसून मुलगी तिला सांगते आहे की आईला दुकान सोडवत नाही, आई नको म्हणते. म्हणून विहिणीचा चेहरा पडत होता. तो चेहरा नाटकी नव्हता. ती माझ्याकडे, लेकीचं बाळंतपण नाकारणाऱ्या बाईकडे, शक्य तेवढं चांगलं बघायचा प्रयत्न करत होती. आणि मी तिला मनात शिव्या घालत होते.

मी तिला कागदावरचे शब्द जोडून विचारलं, उस्तेद दिहो नो? तुम्ही नाही म्हणालात का? ती म्हणाली, ‘यो? नुंका.’ नुंका मला माहीत नव्हतं, पण ते कसं म्हटलं त्यावरून कळलं. कधीच नाही. मग ती उठली, आत गेली, आणि परत येऊन तिने एक पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. उलटा. नवाकोरा. पानं उलगडून दाखवली, एकही शिक्का नव्हता. तिने पासपोर्टवरच्या तारखेवर बोट ठेवलं, पोटावर हात फिरवून बाळ दाखवलं, मग पडद्यातून बोट माझ्यावर. पहिल्याच दिवशी, बाळाची बातमी आली तेव्हा, तिने मुंबईला यायचं म्हणून तो काढायला टाकला होता. आता तो ड्रॉवरमध्ये पडून होता.

फोन ठेवल्यावर मी लगेच मुलीला लावला. तिने उचलला नाही. मी दुकान उघडलं, अर्ध्या तासात बंद केलं. स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. काकांच्या दारापर्यंत गेले, बेल न वाजवता फिरले. तासाभराने तिचाच फोन आला. सासूने सांगितलंच होतं.

‘आई, तू तिला फोन केलास?’

‘केला. विचारलं, किएन दिहो.’

ती म्हणाली, ‘तू स्पॅनिश कधी शिकलीस?’

‘विषय बदलू नकोस. तू तिला सांगितलंस की मी नाही म्हटलं.’

‘म्हटलं होतंस.’

‘मी? कधी?’

‘दुकानात, आई. त्या दोन बायका डबे बघत होत्या. तू म्हणालीस, जायचं तर जा, पण या दुकानाची पायरी परत चढायची नाही. आणि मी पायरी उतरले तेव्हा मागून म्हणालीस, बाळंतपणालासुद्धा येऊ नकोस.’ तिचा आवाज शांत होता, माझ्यासारखा चढत नाही तिचा. ‘मी काय खोटं सांगितलं? मामा दिहो नो. बरोबरच आहे ना?’

मी खोटं बोलणार नाही. मी म्हटलं होतं. बाळंतपणाचंही म्हटलं होतं. विसरले होते, पण तिने म्हटल्याबरोबर ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं, आणि मागे एका बाईच्या हातातून डब्याचं झाकण पडलं होतं त्याचा आवाजसुद्धा.

‘अगं, ते राहू दे तर राहू देसारखं होतं,’ मी म्हटलं. ‘तुला कळायला नको? तू पायरीवर बसून मोठी झालीस. दुकानदार पुढे बघा म्हणतो म्हणजे त्याला काय हवं असतं?’

‘मी गिऱ्हाईक नव्हते.’

‘तू वळायचं होतंस.’

‘वळले होते,’ ती म्हणाली. ‘केमिस्टच्या दुकानाजवळ. तू भांडं पुसत होतीस.’

पायरीवर बसून ‘वळली’ म्हणून सांगणारं त्या दिवशी कोणी नव्हतं. मान खाली घालून पुसताना मला रस्ता दिसत नाही.

‘मी नंतर बोलावलं ना तुला,’ मी म्हटलं. ‘फोन केला. जेवलीस का विचारलं. बाळंतपणाला बोलावलं. हाक म्हणजे आणखी काय असते?’

‘तू बोलावलंस. पण म्हटलेलं मागे घेतलं नाहीस. मी त्या घरात येऊन पडायचं, तुझ्या हातचं खायचं, आणि कधी तुझं डोकं तापलं की परत तेच ऐकायचं? तेही पोटात बाळ असताना?’

आणि तिने फोन ठेवला. त्याला आज चार दिवस झाले. ती फोन उचलत नाही. चार दिवस मी एका जागी नीट बसलेली नाही. सातवा महिना लागला. डॉक्टर परवानगी देतात त्यातले दिवस एकेक करून जातायत, आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

काल सकाळी मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी मोदकपात्र बाजूला सारून ऐकलं. म्हणाले, ‘बाय, कप्तानान चूक केल्यान तर कप्तानानच बोलूचा लागता. दुसरो कोण बोलान उपयोग नाय.’ मग मी त्यांच्यासमोर बसूनच घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मुलगी, विहीण, जावई, सगळे ऐकतील असा. यो दिहे नो. मी ‘नाही’ म्हणाले होते, तीन वर्षांपूर्वी. आता म्हणत नाही. मी कासा, सू कासा, माझं घर ते तुमचं घर. पुढे मराठीत म्हटलं, ‘ते मी बोलायला नको होतं.’ हे वाक्य मी माझ्या नवऱ्यालाही कधी ऐकवलं नव्हतं. पाठवून झाल्यावर काकांनी पाणी दिलं.

विहिणीने लगेच फूल पाठवलं. मुलीने ऐकलंय, तेवढं फोनवर दिसतं. उत्तर नाही.

म्हणून आता हे कागदावर. मुली, माझं ‘नाही’ मी उघड्यावर मांडलं. ते माझंच होतं. तू ते जपून ठेवलंस आणि तीन वर्षांनी सासूपुढे ठेवलंस, ठीक आहे, तेवढा तुझा हक्क. पण दुसरं एक ‘नाही’ आहे. सासू म्हणते जीव होत नाही, सासू म्हणते शेजारपाजारचे काय म्हणतील. ती बाई असं काही म्हणाली नव्हती. तिने पासपोर्ट काढला होता. तीन महिने मी तिचा राग राग केला, तिच्या चेहऱ्यात खोट शोधली. ते ‘नाही’ तू तिच्या तोंडात घातलंस.

ते कोणाचं होतं? मला यायचं नाही, असं तुला म्हणायचं असेल तर तुझ्या तोंडाने म्हण. यो दिहे म्हण. मी ऐकून घेईन, आवाज चढवणार नाही. आणि यायचं असेल तर तेही सांग. पण त्या बाईला आणि मला, दोघींना समोर बसवून, दोन्ही भाषांत, घागरीला घागर आणि वाटीला वाटी, तुला उत्तर द्यावं लागेल. या रविवारी आठ वाजता मी फोन डब्याला टेकवून बसणार आहे.